सभेंतील विधानें व त्यांची छाननी

वक्तृत्व हा वाङ्मयाचा एक प्रकार आहे असें आपण मानतों, आणि त्याचें परीक्षण करतांना भाषा, ओघ, आवाज, दृष्टान्त यांचा विचार करतों. वक्त्यानें जें सांगितलें तें खरें होतें कीं नाहीं, हा प्रश्न मात्र रसिकानें विचारावयाचा नसतो, अशी एक समजूत रूढ आहे. आम्ही स्वतः पंचवीस वर्षें महाविद्यालयीन वक्तृत्वस्पर्धांना परीक्षक म्हणून बसत आलों आहों. गुणपत्रिकेंत उच्चार, हावभाव, मांडणी, परिणाम असे रकाने असतात; सत्याचा रकाना आमच्या पाहण्यांत नाहीं. मागें एका विद्यार्थिनीनें शेतकऱ्यांच्या कर्जाविषयीं एक आंकडा सांगून सभागृह स्तब्ध केलें व पहिलें पारितोषिक मिळविलें. आंकडा कोठला, म्हणून आम्हीं नंतर सहज विचारलें. ती म्हणाली, “सर, मीं तो एका भाषणांत ऐकला.” उत्तर अगदीं प्रामाणिक होतें, आणि पारितोषिक तर आम्हींच दिलें होतें.

अमेरिकेंत या प्रश्नाचा आतां एक स्वतंत्र व्यवसायच झाला आहे. २००७ सालीं फ्लोरिडांतील ‘सेंट पीटर्सबर्ग टाइम्स’ या वृत्तपत्रानें ‘पोलिटिफॅक्ट’ नांवाचा उपक्रम काढला. पुढाऱ्याच्या भाषणांतील एकेक वाक्य उचलावयाचें, त्याचा आधार प्रथम त्याच्याकडेच मागावयाचा, मग सरकारी अहवाल व जाणकार यांच्याशीं तें ताडून पाहावयाचें आणि निकाल द्यावयाचा, अशी त्याची रीत. निकालाच्या पायऱ्या सहा: खरें, बहुतांशीं खरें, अर्धें खरें, बहुतांशीं खोटें, खोटें, आणि सहाव्या पायरीचें नांव, खोटें बोलणाऱ्याच्या विजारीला आग लागते अशी जी इंग्रजी मुलांची चिडवणी आहे, तिच्यावरून घेतलेलें. २००९ सालीं या कामाला पुलित्झर पारितोषिक मिळालें; आपल्या देशांतहि पुढें तशा संस्था निघाल्या. या मंडळींच्या कष्टांविषयीं आम्हांला आदर आहे. परंतु उत्तरपत्रिका तपासण्यांत ज्याचें निम्मे आयुष्य गेलें, त्याला या सहा पायऱ्या पाहून थोडी शंका येतेच.

बराक ओबामा यांचें एक वाक्य घेऊं. ज्याला आपली आरोग्यविम्याची योजना पसंत आहे त्याला ती ठेवतां येईल, असें ते २००८ सालच्या निवडणुकींत सांगत असत. पोलिटिफॅक्टनें त्या वर्षीं हें वाक्य ‘खरें’ ठरविलें. २००९ सालीं तेंच ‘अर्धें खरें’ झालें. आणि २०१३ सालीं, नव्या कायद्याच्या अटींत न बसणाऱ्या योजना रद्द झाल्याचीं पत्रें लाखों लोकांच्या हातीं पडलीं तेव्हां, ‘वर्षांतील सर्वांत मोठें असत्य’ म्हणून त्याचीच निवड झाली! परीक्षक लबाड होते असें मुळींच नव्हे. पहिल्या वेळीं त्यांनीं उमेदवाराच्या योजनेचा कागद पाहिला, आणि वाक्य कागदाशीं जुळलें. चूक झाली ती वाक्याची जात ओळखण्यांत. हें विधान नव्हतेंच, वचन होतें. वचन दिलें त्या दिवशीं तें खरेंहि नसतें व खोटेंहि नसतें. हमी कोण देतो आहे आणि ती देण्याचा त्याला अधिकार काय, एवढेंच विचारतां येतें. आमच्या लहानपणीं शाळेंत व्याकरणाचे मास्तर प्रथम काळ ओळखावयास लावीत, अर्थाकडे मागाहून वळत. ती शिस्त येथें कामास आली असती.

याच्या उलट प्रकार इंग्लंडांत घडला. २०१६ सालीं युरोपीय संघांतून बाहेर पडावें असें म्हणणाऱ्या पक्षानें एक तांबडी बस गांवोगांव फिरविली. आपण संघाला दर आठवड्याला ३५ कोटि पौंड पाठवितों, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊं या, अशा आशयाचा मजकूर तिच्यावर रंगविलेला होता. आतां हा आंकडा कोणीं कल्पनेनें निर्माण केलेला नव्हता. सर्व वजावटींपूर्वीची ढोबळ रक्कम जवळजवळ तेवढीच भरत होती. परंतु १९८४ सालीं मार्गारेट थॅचर यांनीं जी सूट मिळविली, ती रक्कम देशाबाहेर जाण्यापूर्वींच कापली जात असे; म्हणजे प्रत्यक्ष जाणारी रक्कम २५ कोटींच्या आसपास, आणि त्यांतूनहि कांहीं भाग शेतकऱ्यांसाठीं व इतर कामांसाठीं परत येई. खोटेपणा आंकड्यांत नव्हता, ‘पाठवितों’ या क्रियापदांत होता. राष्ट्रीय सांख्यिकी प्राधिकरणाचे अध्यक्ष अँड्र्यू डिलनॉट यांनीं मतदानापूर्वींच हा प्रचार दिशाभूल करणारा असल्याचें जाहीर केलें. बस फिरतच राहिली. मोहिमेचे सूत्रधार डॉमिनिक कमिंग्ज यांनीं पुढें लिहून ठेविलें कीं, विरोधकांनीं वाद घालावा एवढ्याचसाठीं तो आंकडा योजिला होता. वाद जितका वाढला, तितकी प्रचंड रक्कम लोकांच्या कानांवर पडत राहिली. ३५ नव्हे २५, असें ओरडून सांगणाराहि ‘पुष्कळ पैसा जातो’ हेंच सांगत होता. २३ जून रोजीं सुमारें ५२ टक्के मतें बाहेर पडण्याच्या बाजूनें पडलीं. तीं एका बसनें फिरविलीं असें आम्ही म्हणत नाहीं. पण छाननी अचूक असून निष्फळ झाली, हें तर उघड आहे.

निष्फळ कां झाली? छाननीला दुसरी बाजू लागते: जिच्यापुढें निकाल ठेवला असतां जिला कांहीं वाटेल अशी. या बाजूचें एक उदाहरण आपल्या पुण्याचें आहे, आणि तें सुखद नाहीं.

१८९७ सालीं गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेस गेले होते. त्यांचें वय ३१. फर्ग्युसन कॉलेजांत ते प्राध्यापक. पुण्यांत प्लेगच्या झडत्या चालू होत्या. घरच्या मित्रांकडून आलेल्या पत्रांवर विश्वास ठेवून गोऱ्या शिपायांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याची हकीकत त्यांनीं ‘मँचेस्टर गार्डियन’ या पत्रांतून जाहीर केली. मुंबई सरकारनें पुरावा मागितला. गोखले परत आले तों रँडसाहेबांच्या खुनानंतरची धरपकड चालू होती, टिळकांना अटक झाली होती, आणि पत्रें लिहिणारांपैकीं कोणीहि पुढें येण्यास तयार नव्हता. गोखल्यांनीं त्यांचीं नांवें सांगितलीं नाहींत. सर्व दोष स्वतःकडे घेऊन त्यांनीं ऑगस्टमध्यें बिनशर्त माफी प्रसिद्ध केली. तिला भ्याडपणा म्हणणारे पुण्यांत पुष्कळ निघाले, व त्या वर्षींच्या राष्ट्रसभेंत त्याचे कडू घोट त्यांना गिळावे लागले.

त्या माफीचें मूल्यमापन करणें सोपें नाहीं. पुरावा मिळाला नाहीं म्हणजे गोष्ट घडली नाहीं, असें होत नाहीं. ज्या शहरांत बोलणाराला तुरुंगाची भीति, तेथें साक्षीदाराच्या मौनाला किती किंमत द्यावयाची? सहा पायऱ्यांत या वाक्याला जागा नाहीं. आज कोणी त्याला ‘खोटें’ म्हणेल तर आम्ही त्याचा हात धरूं. आणि तरीहि माफी मागण्यांत गोखले चुकले असें म्हणावयास आमचें मन घेत नाहीं. वाक्य त्यांनीं उच्चारलें होतें. तें उभें करण्याची जबाबदारी त्यांची होती. तीं पत्रें हातीं होतीं तेव्हांच साक्षीदार उभे राहतील कीं नाहीं याचा विचार करावयास हवा होता. २०१३ च्या नोव्हेंबरांत ओबामांनीं दिलगिरी व्यक्त केली ती, आपल्या आश्वासनावर विसंबून लोक या स्थितींत सांपडले याबद्दलची होती. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचावे, म्हणजे अंतर दिसतें.

पुढें २६ मार्च १९०२ रोजीं कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलांत गोखल्यांनीं अंदाजपत्रकावर आपलें पहिलें भाषण केलें. तिजोरींत शिल्लक पडते म्हणजे देश सुखी आहे, हा सरकारचा दावा. गोखल्यांनीं शिल्लक नाकारली नाहीं. रुपयाचा भाव १३ पेन्सांवरून १६ पेन्सांवर चढविल्यामुळें विलायतेस पाठवावयाच्या पैशांत बचत झाली व कर मात्र पूर्वींच्याच दरानें वसूल होत राहिले, म्हणून ती शिल्लक पडली, हें त्यांनीं सरकारच्याच कागदांवरून मांडलें. आंकड्यांच्या तयारींत गणेश व्यंकटेश जोशी यांचें साहाय्य होतें. १९०३ सालीं मिठावरील कर मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. या भाषणांत एकहि वाक्य मित्राच्या पत्रावर उभें नाहीं. पांच वर्षांपूर्वींचा चटका त्याच्या मागें असावा, असें आम्हांला तरी तें वाचतांना वाटत आलें आहे.

यंदाच्या स्पर्धेसाठीं गुणपत्रिकेंत ‘आधार’ असा दहा गुणांचा रकाना घालावा, अशी सूचना आम्हीं केली आहे. एका तरुण सहकाऱ्यानें विचारलें कीं, एका दुपारीं चाळीस वक्ते बोलणार, त्यांचे आधार पाहावयाचे कोणीं व केव्हां? त्याचें उत्तर अजून आम्हांला सुचलेलें नाहीं. तूर्त एवढेंच ठरलें आहे कीं, जो आंकडा सांगेल त्यानें तो कोठून घेतला हें व्यासपीठावरून उतरण्यापूर्वीं एका वाक्यांत सांगावें.