पाच कोटींची पर्स आणि एक डावा कोपरा

(शिरूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. आदल्या दिवशी याच विषयावर दौंड येथे बोलणे झाले होते. त्याचे संदर्भ आणि बोलीतली वाक्ये तशीच ठेवली आहेत.)

काल दौंडला भाषण संपल्यावर एक पोरगा पुढं आला. अकरावी-बारावीतला असेल, पायात कबड्डीचे बूट. म्हणाला, "सर, बाकीचं राहू द्या. पुण्यानं शादलूला सोडलं, ही चूकच ना?" मी म्हटलं, उद्या शिरूरला सांगतो. तो काही न्हावऱ्यामार्गे इथवर आला नसणार, पण ऑनलाइन ऐकेल. तर आजचं सगळं बोलणं त्याच्या प्रश्नाला धरून.

आधी घटना नीट मांडू, कारण आपल्याकडं लिलावाची बातमी म्हणजे फक्त कोटींचा आकडा. कुणाला किती मिळाले, एवढंच छापून येतं. कुणाकडं किती शिल्लक राहिले, हे छापून येत नाही, आणि खरा खेळ तर तिथंच असतो.

प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा लिलाव मुंबईत ९ आणि १० ऑक्टोबर २०२३ रोजी झाला. त्याच्या दोनच दिवस आधी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना झाला होता. वादामुळं थांबला, पुन्हा सुरू झाला आणि भारतानं ३३-२९ असा जिंकला. त्या इराणी संघातला डावा कोपरा, मोहम्मदरेझा शादलू. पुणेरी पलटणनं त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. तोवर कुठल्याही परदेशी खेळाडूला एवढी रक्कम मिळाली नव्हती. प्रत्येक संघाची पर्स, म्हणजे सगळ्या खेळाडूंवर मिळून खर्च करायची कमाल रक्कम, त्या वर्षी ४ कोटी ४० लाखांवरून ५ कोटी केली होती. म्हणजे पर्सचे ४७ टक्के एका माणसावर.

आता ढोबळ हिशेब करा. उरले २ कोटी ६५ लाख. संघात किमान अठरा खेळाडू लागतात, म्हणजे अजून सतरा. सरासरी साडेपंधरा लाख. लिलावात 'अ' गटाच्या खेळाडूची बोलीच ३० लाखांपासून सुरू होते. मग हा संघ उभा राहिला कसा? तर पोरांवर. अस्लम इनामदार, मोहित गोयत हे आठव्या हंगामात नवीन तरुण खेळाडू म्हणून आलेले. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला अस्लम दहाव्या हंगामात कर्णधार होता आणि सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. अशी पोरं संघाला कमी पैशात मिळतात आणि राखताही येतात. मोठ्या खेळाडूला दिलेले दोन कोटी पस्तीस लाख मालकाच्या खिशातून गेले असं आपल्याला वाटतं. मालकाचा खर्च पाच कोटींवर बांधलेलाच आहे. मोठ्याला जास्त द्यायचे तर ते बाकीच्यांच्या वाट्यातूनच काढावे लागतात. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं वेगळं दिसतं.

पलटण तो हंगाम जिंकली. १ मार्च २०२४, हैदराबाद, हरियाणा स्टीलर्सवर २८-२५. बी. सी. रमेश प्रशिक्षक. पकडीचे सर्वाधिक गुण शादलूचे.

आणि पुढच्या लिलावाआधी त्याला सोडलं.

त्याला घेतलं कुणी? ज्यांनी अंतिम सामना गमावला त्या हरियाणानंच, २ कोटी ७ लाखांना. अकराव्या हंगामाचा अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ रोजी आपल्या बालेवाडीत झाला. हरियाणानं पाटण्याला ३२-२३ हरवलं. आपल्या मैदानावर आपलाच कालचा कोपरा करंडक उचलतोय, आणि पलटण पहिल्या सहांतसुद्धा नाही. दौंडच्या पोराला जे लागलंय, ते हे आहे.

मग चूक की नाही? मी सरळ 'हो' म्हणणार नाही, कारण संघाच्या बाजूनं एक वाजवी मुद्दा आहे. नवव्या हंगामात पलटणनं फझल अत्राचलीला १ कोटी ३८ लाख दिले आणि मोहम्मद नबीबक्षला ८७ लाख. बेरीज सव्वादोन कोटी. पर्स तेव्हा ४ कोटी ४० लाखांची, म्हणजे निम्म्याहून जास्त. त्या वर्षी अंतिम सामन्यात जयपूरकडून २९-३३ अशी हार झाली. दोघांनाही सोडलं. मोकळ्या झालेल्या पैशात शादलू आला आणि करंडक आला. म्हणजे "मोठ्याला सोड, जागा मोकळी कर, पुन्हा डाव लाव" ही पद्धत या संघाला एकदा फळली होती. तीच पुन्हा केली. एकदा फळलं म्हणून दुसऱ्यांदा त्याला मूर्खपणा म्हणता येत नाही.

आणि महाग खेळाडू म्हणजे करंडक, असंही नाही. त्याच दहाव्या हंगामात तेलुगू टायटन्सनं पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं आणि संघ तळाला राहिला. पुढं बाराव्या हंगामात हाच शादलू २ कोटी २३ लाखांना गुजरातकडं गेला, गुजरात पहिल्या आठांतही नव्हती. आपल्याच पलटणनं २०१८ मध्ये नितीन तोमरला १ कोटी १५ लाख दिले होते, पर्स ४ कोटींची असताना. बाद फेरी गाठली नाही.

तरी माझी टीका आहे, आणि ती सोडण्यावर नाही. खेळाडूला सोडून लिलावात पुन्हा घ्यायचं, हा जुना डाव आहे. भाव उतरेल ही अपेक्षा असते. इथं तर उतरलासुद्धा, २ कोटी ३५ वरून २ कोटी ७ लाख. अठ्ठावीस लाखांचा फरक, जवळजवळ एका 'अ' गटाच्या खेळाडूची मूळ किंमत. भाव पडावा म्हणून माल बाजारात न्यायचा, भाव पडल्यावर उचलायचा नाही, आणि तो शेजारच्यानं उचलायचा. शिरूर-दौंडच्या व्यापाऱ्याला हे कुणी करून दाखवलं तर तो काय म्हणेल, ते तुम्हीच ठरवा. (हशा)

दुसरी गोष्ट. ज्या पोरांच्या जिवावर ही पद्धत चालते, त्यांच्या गुडघ्याचा विमा पर्समध्ये नसतो. अकराव्या हंगामात अस्लम गुडघ्याच्या दुखापतीनं मध्येच बाहेर गेला. स्वस्त आणि तरुण संघ ही चांगलीच कल्पना आहे, पण त्यात एक पोर पडलं की त्याच्या जागी तसंच दुसरं तयार पाहिजे. ते नव्हतं. शादलू असता तर पकडीच्या जोरावर चार-पाच सामने ओढून नेले असते, असं मला वाटतं. वाटतं, म्हणतोय. सिद्ध करता येणार नाही.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल वक्ता चिडून बोलतोय. बाराव्या हंगामात, अजय ठाकूर प्रशिक्षक आणि अस्लम परत कर्णधार, पलटण अंतिम सामन्यात गेली आणि दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. तीन गुण. दोन कोटींचा खेळाडू नसताना. तेव्हा त्या पोराला माझं उत्तर असं : सोडणं चूक नव्हती, हात वर न करणं चूक होती, आणि त्या चुकीची भरपाई एका हंगामात बरीचशी झाली.

पण मंडळी, मला खरं बोलायचंय ते याच्या खालच्या थराबद्दल.

ही मर्यादेची कल्पना आपण बाहेरून घेतली. अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलमध्ये पगाराची मर्यादा १९८४-८५ च्या हंगामापासून आहे. पण त्याआधी तिथं काय झालं, ते आपण घेतलं नाही. ऑस्कर रॉबर्टसन हा मोठा खेळाडू, खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष. १९७० मध्ये त्याच्या नावानं खटला दाखल झाला, १९७६ मध्ये तडजोड झाली, आणि तिथून करार संपलेल्या खेळाडूला स्वतःचा संघ निवडायची वाट उघडली. त्यालाच ते फ्री एजन्सी म्हणतात. आधी खेळाडूला हक्क मिळाला, मग मालकांना मर्यादा मिळाली. मर्यादा किती, हे मालक आणि खेळाडूंची संघटना टेबलावर बसून ठरवतात. नाही जमलं तर खेळ बंद पडतो. २०११ मध्ये पडला होता, हंगाम ८२ सामन्यांवरून ६६ वर आला.

आणखी दोन फरक. तिथं एका खेळाडूला किती द्यायचं यालाही वरची हद्द आहे. दहा वर्षं खेळलेल्यालासुद्धा करार करताना मर्यादेच्या ३५ टक्क्यांपासूनच सुरुवात करता येते. आपल्याकडं ४७ टक्के चालतात, आणि ते कुणाच्या वाट्यातून निघतात ते मघाशी पाहिलं. दुसरं, स्वतःचा जुना खेळाडू राखायला तिथं संघाला मर्यादा ओलांडायची सवलत आहे. लॅरी बर्डच्या नावानं ती ओळखली जाते. आपल्याकडं 'फायनल बिड मॅच' नावाचं कार्ड आहे : लिलावात दुसऱ्यानं लावलेली शेवटची बोली जुना संघ तेवढ्याच रकमेला स्वतःकडं ओढू शकतो. पण ती रक्कम पाच कोटींतूनच जाते. म्हणजे जिंकलेला संघ टिकवायचा तर त्याच पोत्यात पुन्हा कोंबायचं. जिंकलात की पोरांचा भाव वाढतो, पोतं तेवढंच. शादलूच्या सुटण्यामागं हीच अडचण होती, असा माझा अंदाज आहे.

लिलाव हा शब्द आपल्या भागाला नवीन नाही. केडगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव तुम्ही पाहिलाय. वक्कल लागते, व्यापारी बोलतात, आडत्या पट्टी करतो. शेतकऱ्याची अवस्था काय असते, ते मी तुम्हाला सांगायला नको. पण तिथंसुद्धा शेतकरी म्हणू शकतो की या भावात नाही परवडत, गाडी माघारी नेतो. नेत नाही बहुतेक वेळा, भाड्याचं गणित जमत नाही. तरी म्हणायचा अधिकार त्याचा आहे, कारण माल त्याचा आहे. कबड्डीच्या लिलावात माल कोण आणि विकणारा कोण? खेळाडू नाव नोंदवतो, त्यानंतर तो पाटण्याला गेला की चेन्नईला, हे हातोडा पडल्यावर त्याला कळतं. बास्केटबॉलचा लेब्रॉन जेम्स २०१० मध्ये कमी पैसे घेऊन मित्रांसोबत खेळायला मायामीला गेला. लोकांनी शिव्या घातल्या, पण निर्णय त्याचा होता. अस्लमला उद्या वाटलं की चार पैसे कमी द्या, पण मला घराजवळच्या संघात खेळू द्या, तर एकदा नाव लिलावात गेल्यावर ते म्हणायची जागा कुठं आहे?

यावर एक उत्तर कायम मिळतं, की पूर्वी काय होतं? बरोबर आहे, काहीच नव्हतं. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू राकेश कुमार, १२ लाख ८० हजार. आज आकडा वीसपट आहे. त्याआधी कबड्डीचा पगार म्हणजे नोकरी. दौंडला रेल्वे आहे, राज्य राखीव पोलीस दल आहे. तिथल्या माणसाला खेळाडू कोट्याचा अर्थ विचारा. कमी पैसे, पण साठीपर्यंत. कोपरा म्हणून पकडी करता येईनाशा झाल्या तरी ऑफिसात टेबल असायचं. त्या नोकरीला लिलाव नव्हता, हंगाम नव्हता. मी तिचे गोडवे गात नाही, त्यातही वशिले होतेच. पण लीगचा पैसा मोजताना तो किती वर्षांचा, हे कुणी मोजत नाही, आणि ती दोन गणितं एका रेषेवर मांडल्याशिवाय वीसपट म्हणण्यात अर्थ नाही.

काल त्याच पोरानं जाता जाता दुसरा प्रश्न टाकला होता. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला. "भरतीचं ग्राउंड करू, का निवड चाचण्यांना जाऊ?" मी त्याला म्हटलं, दोन्ही कर, आणि कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी तीन गोष्टी विचार : करार किती हंगामांचा आहे, सरावात गुडघा गेला तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, आणि संघानं तुला राखलं तर रक्कम वाढणार किती. त्यानं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. मागं त्याची बहीण उभी होती, तीही खेळते म्हणाली. तिनं विचारलं, "आमची पर्स किती?" मी सांगितलं की २०१६ मध्ये महिलांसाठी तीन संघांची स्पर्धा झाली होती, त्याच लीगसोबत, आणि पुढच्या वर्षी ती झाली नाही. ती म्हणाली, "मग मी ग्राउंडच करते."

प्रश्न घेऊ या. माइक मागं द्या.