छायाचित्रातले शहर आणि चौकटीबाहेरची पाथरी

पाथरीत बसून हैदराबादच्या जुन्या फोटोंची चर्चा कशाला, असे तुम्हाला वाटेल. कारण साधे आहे. ते शहर कॅमेऱ्यासमोर नटून उभे राहत होते तेव्हा आपला मुलूख त्याच राज्यात सारा भरत होता.

लाला दीनदयाळ हे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार. 'राजा' ही पदवीसुद्धा दरबारानेच दिलेली. त्यांचा फलकनुमा बघा, चौमहल्ला बघा. कारागिरी अव्वल, त्याबद्दल आमचा वादच नाही. त्या चित्रांतले उमराव आपल्याला नावानिशी, किताबांनिशी माहीत असतात.

आता त्याच दीनदयाळांची दुसरी चित्रे घ्या. १८९९-१९०० चा दुष्काळ, जागा औरंगाबाद, म्हणजे आपल्या शेजारचे. हाडांचे सापळे झालेली माणसे ओळीने बसवलेली. खालच्या इंग्रजी ओळीचा अर्थ काय, तर 'कृशतेचे प्रकार, औरंगाबाद'. प्रकार! हा शब्द आपण वनस्पतींना लावतो, किड्यांना लावतो. एकाचेही नाव नाही, गाव नाही. ही चित्रे निजाम सरकारच्या मदतकार्याच्या अल्बमात लागली आणि तो अल्बम व्हाइसरॉय कर्झन यांच्या संग्रहात गेला. म्हणजे आपल्या माणसांची भूक राज्यकर्त्यांच्या दयाळूपणाची पावती झाली. कोणी म्हणेल, निदान चेहरे तरी राहिले. खरे आहे, तेवढे ऋण आम्हीही मानतो. पण त्यांच्याकडे बघताना आपण नकळत मदत देणाऱ्याच्या जागी उभे राहतो, ही गोष्ट जड जाते.

राज्य बदलले म्हणून ही रीत संपली का? बेगमपेट विमानतळावर सरदार पटेलांसमोर हात जोडलेले निजाम मीर उस्मान अली खान, हा फोटो तुम्ही सर्वांनी पाहिलाय. दर १७ सप्टेंबरला तो निघतो. वास्तविक तो पोलीस कारवाईनंतर काही महिन्यांनी घेतलेला. चित्र सांगते: शरणागती, विषय संपला. प्रत्यक्षात हेच गृहस्थ पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. आणि स्वामी रामानंद तीर्थांबरोबर गावोगाव उभी राहिलेली माणसे त्या चौकटीत कुठे आहेत? मुक्ती जणू दोन बड्या माणसांच्या भेटीत उरकली.

मग पाथरी कुठे? फिरिश्ता निजामशाही घराण्याचे मूळ इथे सांगतो, अकबराच्या काळात हे वऱ्हाड सुभ्यातले सरकार होते. पण त्या अल्बमांचा कॅमेरा राजधानी, जिल्ह्याचे ठाणे आणि साहेबांचा दौरा यांच्या वाटेने फिरला. रेल्वेही आपल्याला टाळून मानवत रोडवरून गेली. (स्टेशनच्या नावातच 'रोड' आहे, बाकी तुम्ही जाणताच.)

जानेवारी २०२० मध्ये मात्र कॅमेरे अचानक आले. साईबाबांच्या जन्मस्थानाचा वाद, विकासासाठी १०० कोटींची घोषणा, तिकडे शिर्डी बंद. तो वाद सोडवणे आमचे काम नव्हे. आम्ही फक्त चौकट पाहिली. टीव्हीवर पाथरी म्हणजे मंदिराचे दार आणि दारासमोर बोलणारे लोक. मोंढा नाही, एसटी स्टँड नाही, उसाच्या गाड्या नाहीत. दीनदयाळांच्या वेळी निदान कॅमेरा बाहेरच्यांचाच होता. आज तो तुमच्या प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि तरी त्या आठवड्यात पाथरीकरांनी काढलेले फोटोही बहुतेक त्याच दारासमोरचे होते.