लोकवर्गणीचे आवाहन आणि परीक्षणाची भाषा

कोणत्याही छंदी समूहाचे खरे धन त्याच्या निःसंकोच मतांत असते. पटावरचे खेळ खेळणारी मंडळी एकत्र जमतात तेव्हा कोणता खेळ चांगला, कोणता कंटाळवाणा, कोणता पैसे वाया घालविणारा, याविषयी ती मोकळेपणाने बोलतात. या बोलण्यातूनच त्यांची अभिरुची घडते. गेल्या दोन दशकांत हे बोलणे पॉडकास्टच्या, म्हणजे नियमित प्रसृत होणाऱ्या ध्वनिमुद्रित सदरांच्या, रूपाने हजारो श्रोत्यांपर्यंत पोहोचले. टॉम व्हॅसल यांनी २००५ मध्ये सुरू केलेले ‘द डाइस टॉवर’ हे त्यांपैकी एक ठळक उदाहरण होय. पुढे या क्षेत्रात लोकवर्गणीने, प्रचलित शब्दांत क्राउडफंडिंगने, प्रवेश केला. आणि त्या बोलण्याचे स्वरूप पालटू लागले. हा पालट नैतिक किंवा आर्थिक आहेच. परंतु तो प्रथम भाषेत दिसतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रारंभी व्यवहाराचे स्वरूप ध्यानात घेणे अवश्य आहे. २००९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘किकस्टार्टर’ या संस्थेच्या पद्धतीनुसार खेळाचा कर्ता एक रक्कम आणि एक मुदत जाहीर करतो. मुदतीत ती रक्कम जमली तरच ती त्याच्या हाती पडते. न जमल्यास कोणाचेही पैसे घेतले जात नाहीत. या नियमामुळे पहिल्या काही दिवसांना विलक्षण महत्त्व येते. आरंभीच गर्दी दिसली तर गर्दी वाढते. न दिसली तर आलेलेही मागे फिरतात. म्हणून आवाहनापूर्वीच खेळाचा कच्चा नमुना पॉडकास्टकारांकडे पाठविला जातो व त्यांनी त्याविषयी बोलावे अशी अपेक्षा केली जाते. काही जण या बोलण्याचे मानधन घेतात, काही घेत नाहीत. अशा कार्यक्रमास परीक्षण न म्हणता ‘पूर्व-ओळख’ म्हणण्याची पद्धत आहे. श्रोत्याच्या कानावर मात्र तोच परिचित आवाज आणि तीच आत्मीयता पडत असते.

येथे पहिला भाषिक प्रश्न उपस्थित होतो, तो काळाचा. परीक्षण हे स्वभावतः भूतकाळात बोलते : खेळ खेळला, नियम अपुरे वाटले, शेवट लांबला. पूर्व-ओळखीत जी वस्तू अद्याप सिद्ध झालेली नाही तिच्याविषयी बोलावयाचे असते. तिची योग्य क्रियापदे भविष्यकाळाची, आणि तीही संशयार्थाची असावयास हवीत : चित्रे बहुधा अशी असतील, नियम कदाचित बदलतील. प्रत्यक्षात वक्ता सहज वर्तमानकाळाचा आश्रय करतो : ‘सोंगट्या सुंदर आहेत’, ‘खेळ दीड तासात संपतो’. हे खोटे बोलणे नव्हे. समोरच्या नमुन्यापुरते ते खरेही असते. तथापि नमुन्याविषयीचे विधान भावी वस्तूस जाऊन चिकटते, आणि आश्वासन वृत्तान्ताच्या वेषात श्रोत्यापुढे उभे राहते.

या वेषांतराची किंमत किती असू शकते याचे एक उदाहरण सर्वश्रुत आहे. ‘द डूम दॅट केम टू अटलांटिक सिटी’ या खेळासाठी २०१२ मध्ये ३५,००० डॉलर मागितले असता १,२४६ व्यक्तींनी १,२२,८७४ डॉलर दिले. पुढील वर्षी प्रकल्प रद्द झाल्याचे घोषित करण्यात आले. जमलेल्या रकमेपैकी बराचसा भाग प्रवर्तकाने खाजगी खर्चात घातल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ मध्ये केला. लोकवर्गणीच्या संदर्भातील त्या आयोगाची ती पहिली कारवाई होती. दुसऱ्या एका प्रकाशन संस्थेने तो खेळ पुढे स्वतः छापून वर्गणीदारांना दिला, हा अपवादात्मक उदारपणा म्हटला पाहिजे. अशा प्रकल्पाची आगाऊ प्रशंसा करणारा कोणीही अप्रामाणिक असतो असे नाही. त्याने केवळ ‘आहे’ म्हटलेले असते, जेथे ‘असेल’ म्हणावयास हवे होते.

दुसरा प्रश्न पैसे देणाऱ्यास काय म्हणावयाचे हा. आपल्या भाषेत पैसे देण्याच्या क्रिया काटेकोरपणे वेगळ्या केलेल्या आहेत. किंमत आपण मोजतो, आणि वस्तूवर हक्क सांगतो. देणगी देतो, आणि परतफेडीची अपेक्षा ठेवीत नाही. इसार देतो, आणि सौदा मोडल्यास जाब विचारतो. वर्गणी भरतो, ती समूहाचे घटक म्हणून. तीत हक्कापेक्षा सदस्यत्वाची भावना अधिक असते. लोकवर्गणीच्या प्रचारात हे चारही अर्थ एकाच वेळी खेळविले जातात. पैसे मागताना ती देणगी असते, बक्षिसांची यादी वाचताना किंमत असते, मुदत सांगताना इसार असतो, आणि उशीर झाल्यावर तक्रार करणाऱ्यास ती वर्गणी असल्याची आठवण दिली जाते. आपण दुकान नव्हे, असे जाहीर करण्याची पाळी २०१२ मध्ये खुद्द किकस्टार्टरवर आली, यावरून हा गोंधळ किती खोल रुजला होता हे कळून येईल.

तिसरा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सर्वनामाचा आहे. इंग्रजीतील ‘वी’ या शब्दात ऐकणारा अंतर्भूत आहे की नाही हे कळत नाही. मराठीत ते कळते : ‘आम्ही’ म्हटले की श्रोता बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. इंग्रजी पॉडकास्टमधील ‘वी’चे मराठी रूपांतर करू पाहणाऱ्यास प्रत्येक वाक्यापाशी थांबावे लागते. ‘आम्हांला हा खेळ आवडला’ हे परीक्षकाचे वाक्य आहे. ‘आपण हा खेळ सिद्धीस नेऊ या’ हे प्रचारकाचे. पहिल्यावरून दुसऱ्याकडे जाताना इंग्रजी वक्त्याला पायरी उतरावी लागत नाही. मराठीनेही मात्र फार अहंकार बाळगू नये. ‘आपण’ हे आदरार्थी संबोधनही आहे. ‘आपण साहाय्य करावे’ या वाक्यात बोलणारा स्वतः साहाय्य करणार आहे की केवळ समोरच्यास विनवीत आहे, हे व्याकरण सांगत नाही. वर्गणीच्या आवाहनास हे वाक्य इतके मानवते ते याच संदिग्धतेमुळे.

हा ‘आपण’ एकदा प्रस्थापित झाला की समूहातील मतभेदाचे स्वरूप बदलते. ज्याने पैसे गुंतविले आहेत त्याला प्रतिकूल मत हे केवळ वेगळे मत वाटत नाही. ते आपल्या शहाणपणावरील आक्षेप वाटते, आणि आवाहनाची मुदत चालू असल्यास सामूहिक कार्यातील विघ्न वाटते. शंका घेणारा ‘आपल्यातला’ राहत नाही. समूह फुटत नाही, परंतु गप्प होतो. आणि छंदी समूहास फुटीपेक्षा मौन अधिक घातक असते.

यावर असा आक्षेप येईल की, आगाऊ पैसे मागणे ही नवी गोष्ट नाही, आणि तिच्यावाचून पुष्कळ चांगली कामे झालीच नसती. हा आक्षेप मान्य करावयास हवा. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी नागपुरास मर्यादित कंपनी स्थापिली, भाग विकले, आगाऊ वर्गणीदार मिळविले, त्यातून तेवीस खंडांचे कार्य उभे राहिले. आपल्या काळात ‘शासन’ हा राजकीय डावपेचांचा खेळ झैन मेमन यांनी रचला आणि मुंबईच्या मेमेसिस कल्चर लॅबने २०१९ मध्ये किकस्टार्टरद्वारेच तो जगापुढे मांडला. भारतीय राजकारणावरून सुचलेल्या अशा खेळास रूढ प्रकाशनव्यवहारात सहज वाट मिळाली असती, असे वाटत नाही. तेव्हा दोष आगाऊ वर्गणीचा नव्हे. केतकर स्वतःच आपल्या कोशाचे प्रचारक होते व ते कोणापासून लपलेले नव्हते. दोष उत्पन्न होतो तो प्रचारक आणि परीक्षक एकाच आवाजात बोलू लागतात तेव्हा.

या संदर्भात आमच्या भागातील झाडीपट्टी रंगभूमीचे उदाहरण उद्बोधक ठरेल. शहापुराहून पूर्वेस व दक्षिणेस जावे तसा हा प्रदेश सुरू होतो. दिवाळीनंतर गावोगावची मंडळे वडसा येथील नाटक कंपन्यांशी करार करतात, पदरचे पैसे अडकवितात, तिकिटे खपवितात आणि ध्वनिक्षेपक लावून नाटकाची भरमसाट स्तुती करीत फिरतात. ही स्तुती कोणीही परीक्षण म्हणून ऐकत नाही. ती मंडळाची आहे हे सर्वांस ठाऊक असते. परीक्षण होते ते रात्रभराचा प्रयोग संपल्यावर, सकाळी चहाच्या टपरीवर, आणि ते करणारे पाहून आलेले असतात. नाटक पडले तर ते मंडळाच्या तोंडावर सांगितले जाते; पुढील वर्षी त्याच शेजाऱ्यांना तिकिटे विकावयाची असल्याने मंडळास ते ऐकून घ्यावे लागते. स्तुती आणि निर्णय यांच्यात येथे एकाच रात्रीचे अंतर आहे. लोकवर्गणीच्या खेळात हेच अंतर वर्ष-दोन वर्षांचे होते. तोवर पैसे खर्ची पडलेले असतात आणि पॉडकास्टकार पुढील आवाहनाकडे वळलेला असतो.

श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या पॉडकास्टची स्थिती याहून निराळी आहे. ‘द डाइस टॉवर’नेही आपल्या पर्वांसाठी श्रोत्यांकडे निधी मागितला, ब्रिटनमधील ‘शट अप अँड सिट डाउन’ श्रोत्यांच्या देणग्यांवर उभे राहिले. येथे पैसे परीक्षकाच्या स्वातंत्र्यासाठी दिले जातात, परीक्षित वस्तूसाठी नव्हे. तरीही हा परीक्षक पूर्णपणे मोकळा नसतो, कारण त्याचे देणगीदार आणि खेळांचे वर्गणीदार बहुधा तेच असतात. ज्या खेळात त्यांनी पैसे घातले तो वाईट म्हणण्यास त्यालाही धैर्य लागते. परंतु हे धैर्य दाखविण्याची जागा तरी शिल्लक राहते.

उपाय म्हणून नियमनाकडे बोट दाखविले जाते. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये प्रभावकांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे केली त्यांत ध्वनिमाध्यमातील जाहिरातीची स्पष्ट घोषणा आरंभी व अखेरीस, तसेच प्रत्येक मध्यंतराच्या मागेपुढे करावी असे सांगितले आहे. ही तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु ती पैशाचा संबंध उघड करते, वाक्यांतील काळ व सर्वनाम सुधारीत नाही. मानधन न घेता केवळ उत्साहाने ‘आपण’ म्हणणारा वक्ता तिच्या कक्षेत सहसा येत नाही, आणि समूहावर परिणाम बहुधा त्याचाच अधिक होतो.

मराठीत खेळांविषयीची अशी सदरे उद्या वाढतील, आणि आमचे काही विद्यार्थीच ती चालवितील. त्यांनी आवाहन करू नये असे मी म्हणणार नाही. आवाहन करताना ‘आपण’ म्हणावे. परीक्षण करताना ‘मी’ म्हणावे. न झालेल्या वस्तूविषयी भविष्यकाळात बोलावे. आणि पैसे मागताना ती किंमत आहे, देणगी आहे की वर्गणी, हे एका शब्दात सांगावे. हे चार नियम व्याकरणाच्या पहिल्या पाठातले आहेत. समूहाचा विश्वास टिकविण्यास तेवढे पुरणार नाहीत. परंतु त्यांच्यावाचून तो टिकणारही नाही.