मातीच्या स्त्रीमूर्तीचे नामकरण

वर्धा जिल्ह्यातील पौनारसारख्या जुन्या वस्तीच्या परिसरात भाजक्या मातीची एखादी लहान स्त्रीमूर्ती मिळाली की तिला ‘मातृदेवता’ म्हणून मोकळे होण्याची आपल्या अभ्यासकांना सवय जडली आहे. मूर्ती वाकाटककालीन असो की नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीतील, नाव आधीच ठरलेले! पौनारच्या आश्रमभूमीत निघालेल्या दगडी शिल्पपटांवर वा. वि. मिराशींसारख्या पंडितांनी सविस्तर लिहिले. मातीच्या बाईच्या वाट्याला हा एवढा एकच शब्द आला.

या सवयीवर आमचा आक्षेप आहेच. परंतु तिला प्रत्युत्तर म्हणून आपल्यापैकी काही जण त्याच घाईने ‘महामाया’ किंवा ‘हारिती’ अशी चिठ्ठी लावतात, तेही आम्हांस तितकेच अमान्य आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारिती ओळखता येते, कारण तिच्याजवळ मूल आहे, शेजारी पांचिक आहे आणि हे सारे विहारातच कोरलेले आहे. गेल्या तीन-चारशे वर्षांतील वीतभर मूर्तीला यांपैकी कोणता आधार आहे? कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्टींवर विसंबू नका असे सांगितले. आपल्या सोयीच्या ऐकीव गोष्टी त्यातून वगळल्या नव्हत्या.

पौनारचे उत्खनन नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी १९६७ मध्ये केले. उत्खननाची पहिली शिस्त थराची. चिमटीने काढलेले नाक, गोळी चिकटवून केलेले डोळे ही घडण दोन हजार वर्षांपूर्वीची असू शकते, तशीच पणजोबांच्या काळातीलही. नांगराच्या फाळाला लागून वर आलेल्या, थर हरवलेल्या मूर्तीचे वय तिच्या चेहऱ्यावरून सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. भुलाबाई-भुलोजींच्या त्या मूर्ती कच्च्या मातीच्या. पाणी लागले की विरघळल्या. इनामगावची ताम्रपाषाणयुगीन कच्ची स्त्रीमूर्ती टिकली ती मातीच्या झाकणबंद पात्रात घराच्या जमिनीखाली पुरलेली होती म्हणून. अर्थात संग्रहालयात पोहोचते ती बहुधा भाजलेली मूर्ती. बायकामुलींच्या हातांतून गेलेले बहुतेक सारे मातीत मिसळून गेले असताना, उरलेल्या मूठभर मूर्तींवरून अखंड मातृपूजेचा सिद्धान्त कसा उभा राहणार? त्यांतली एखादी खेळण्यातली बाहुली असेल, एखादी नवसाची, एखादी कुंभाराच्या पोराने आव्यात सहज टाकलेली.

भुलाबाई पार्वती मानली जाते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपतीची उपासना नाकारलेली आहे. तेव्हा आपल्या घरांत तिला स्थान असण्याचे कारण नाही. पण पूजा सोडली म्हणून अभ्यासही सोडावा, हे आम्हांस पटत नाही. ती घडविणाऱ्या कुंभाराचे नाव ना पोथीत आहे, ना शिलालेखात. त्याच्या बोटांचे ठसे मात्र मूर्तीच्या पाठीवर पुष्कळदा दिसतात, आणि छायाचित्रे निघतात ती फक्त समोरून.

अशा मूर्तीखालच्या पाटीवर तूर्त एवढेच असावे: स्त्रीमूर्ती, भाजलेली माती, सापडल्याचे गाव व शेत, थर अज्ञात. देवतेच्या नावाची जागा कोरी ठेवावी.