पेटलेल्या मोहऱ्याची पाळी

बुद्धिबळात मोहरा मारला की तो पटाबाहेर जातो. सारीपाटात मारलेली सोंगटी पुन्हा पहिल्यापासून निघते, वाघबकरीत वाघाने उडी मारली की बकरी संपली. आपल्या जुन्या पटांवर जखमी नावाची अवस्थाच नाही. पाळीपाळीने खेळायच्या आजच्या डावपेचाच्या डिजिटल खेळांत मात्र ती जागोजागी भेटते: मोहरा पेटतो, त्याला विष चढते, रक्त वाहू लागते, आणि दर पाळीला त्याचा थोडा थोडा जीव जातो. ही सोय बहुतेक खेळांनी उचलली, नीट हाताळली ती थोड्यांनीच. आग लागल्यापासून पुढचा चटका बसेपर्यंत खेळणाऱ्याला काही ठरवावे लागते का, हीच तिची कसोटी आहे असे मी मानतो. ठरवायला काही नसेल, तर एका फटक्यात द्यायचे नुकसान तीन तुकड्यांत दिले, एवढेच घडते.

चुडाव्याच्या आसपास, पूर्णा आणि गोदावरीच्या पट्ट्यात, उसाचा फड पेटतो तेव्हा नुकसान मोजत कोणी बसत नाही. वारा कुठला आहे, पुढचा कोणता पट्टा तोडून मोकळा करायचा, हे आधी ठरते. आग विझल्यावरही घाई संपत नाही. जळीत उसाचे वजन आणि उतारा दिवसागणिक घटतो, कारखाना भावात कपात करतो, म्हणून तोडणीची टोळी मिळवायची धावपळ त्याच दिवशी सुरू होते. हळूहळू होणारे नुकसान माणसाला काय करायला लावते, ते इथे दिसते. खेळातल्या आगीकडून माझी मागणी याहून वेगळी नाही.

सबसेट गेम्सचा २०१८ सालचा ‘इन्टू द ब्रीच’ ही मागणी फार चोख पुरी करतो. पट आठ बाय आठ घरांचा, आकडे इतके लहान की सगळा हिशेब डोक्यात मावतो. पेटलेल्याचा दर फेरीला एकच जीव जातो, पण तो केव्हा जातो यात सारे आहे. शत्रू कीटकांचे हल्ले सुरू होण्याच्या आधी आगीचा चटका बसतो, आणि हा क्रम खेळणाऱ्यापासून लपवलेला नाही. म्हणजे एकच जीव उरलेला कीटक पेटवला तर तो हल्ला करण्याआधीच मरतो आणि त्याच्या निशाण्यावरची इमारत वाचते. दोन जीव उरलेला पेटवला तर हल्ला होणारच. मग त्याला ढकलून त्याचा नेम चुकवायचा का, हा वेगळा प्रश्न. आपले लढाऊ यंत्र पेटले तर दुरुस्तीवर त्याची कृती खर्च करावी लागते, किंवा पाण्यात शिरावे लागते. जंगलाच्या घरावर मार बसला की ते घर पेटते, त्यामुळे फटका कुठे पडतो यालाही किंमत येते. एका आकड्यातून एवढे निर्णय निघतात, ते क्रम उघड असल्यामुळे, सुटकेला मोल असल्यामुळे आणि आग जागेला बांधलेली असल्यामुळे.

यावर टेबलाभोवती खेळणारे म्हणतील की संगणक मोजणी करतो म्हणून हे जमते. कागदावर दर पाळीला कोण किती जळतो हे लक्षात ठेवणे हीच शिक्षा आहे. आक्षेप खरा आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीत चालू राहणारे नुकसान भरपूर होते. पाळीच्या सुरुवातीला मार, शेवटी वीस बाजूंचा फासा, दहा किंवा वर पडले तर सुटका. एकाच प्रकारचे नुकसान एकावर एक चढत नसे, मोठे तेवढेच लागू होई. मोजणीचे ओझे त्याने नक्की हलके झाले. पण सुटकेचा फासा आपोआप पडे, खेळणाऱ्याला काही सोडून द्यावे लागत नसे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ‘किमयागाराची आग’ हे फेकून मारायचे ज्वालाद्रव्य वेगळे चालते. पाळीच्या सुरुवातीला चार बाजूंच्या फाशाइतका मार बसतो, आणि विझवायची तर आपली कृती त्यातच घालवावी लागते. तरीही विझेलच असे नाही, फासा टाकावाच लागतो. मोजायचे तेवढेच, पण आता तलवार चालवायची की अंगावरची आग झटकायची हा पेच उभा राहिला. मोजणी कष्टाची असेल तर तिच्या बदल्यात काहीतरी पदरात पडले पाहिजे. चौथ्या आवृत्तीत ते फार थोडे पडत होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा वाटतो: संथ नुकसानाचे काम जाड चिलखताचा शत्रू झिजवणे हे असते, त्यात पीडिताने काही ठरवण्याचा प्रश्नच कुठे येतो? पत्त्यांची पाने टाकून खेळायच्या ‘स्ले द स्पायर’मधले विष याचा उत्तम नमुना. ते शत्रूच्या ढालीला जुमानत नाही आणि दर पाळीला एकाने उतरते. सहा विष म्हणजे सहा, पाच, चार असे करत एकूण २१. तेच दुप्पट करणारे पान टाकून १२ केले तर एकूण ७८. इथे पेच पीडितापुढे नसून विष घालणाऱ्यापुढे आहे. आता ढाल उभारायची की आणखी विष चढवायचे, आणि ते भिनेपर्यंत आपण टिकू का? तेव्हा माझ्या कसोटीला एवढी दुरुस्ती मान्य आहे की निर्णय दोघांपैकी कोणाचाही चालेल. कोणाचाच नसेल, तर मात्र मला त्या विषाचे समर्थन करता येत नाही.

वास्तवाचा दाखलाही दिला जातो: आग पसरतेच, मग पटावर का पसरू नये? लॅरियनच्या ‘डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन २’ने २०१७ मध्ये ती मनसोक्त पसरवली. तेल पेटते, विषाची डबकी पेटतात, पाऊस पाडून विझवता येते. सुरुवातीच्या लढायांत हे विलक्षण रंगते. पुढे मात्र सगळी रणभूमीच जळू लागते आणि सुरक्षित जागा निवडण्याचा प्रश्न मिटतो, कारण निवडायला जागाच उरत नाही. ‘बाल्डर्स गेट ३’ २०२० मध्ये अपुऱ्या रूपात खेळायला मिळाला तेव्हा हीच तक्रार झाली, आणि लॅरियनने किरकोळ मंत्रांनी जमीन पेटणे बंद केले. शिवाय पेटलेल्या साथीदाराला शेजारचा आपली कृती खर्चून विझवू शकतो. आग कमी झाली आणि खेळ सुधारला, हे मला त्या वादाचे पुरेसे उत्तर वाटते.

एक बाजू मात्र अजून फार कच्ची आहे. संगणकाचा शत्रू बहुधा पेटल्या अंगानेच हल्ला करत राहतो. स्वतःची आग विझवायला पाळी घालवावी की मरता मरता घाव घालावा, हा विचार त्याच्या वाट्याला क्वचितच दिलेला असतो. तो दिला, तर पेटवणाऱ्यालाही समोरचा काय करील याचा अंदाज बांधावा लागेल, आणि आग लावणे ही आज असते तशी बिनधास्त चाल राहणार नाही.