घरबसल्या तगरची वाट

फराळाच्या ताटाशेजारी दिवाळी अंक असावा, ही आपली जुनी रीत. आता त्या अंकाशेजारी मुलांचा मोबाईलही असतो, आणि वडीलमंडळी कुरकुरतात. मीही पुष्कळ कुरकुरलो. परंतु त्या काचेवर वाचण्याजोगे काय आहे हे न पाहताच नाक मुरडणे म्हणजे टीका नव्हे. म्हणून एका रविवारी आमच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर हे एकच गाव हाताशी धरून मी काही संकेतस्थळे पारखून पाहिली.

पहिला मान अर्थातच मराठी विश्वकोशाचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला बसून उभारलेल्या या कामाचे वीसही खंड आता कोणालाही फुकट वाचता येतात. नोंदीखाली लेखकाचे नाव असते. म्हणजे चुकीला कोणी तरी धनी असतो. तथापि बऱ्याच नोंदींत लोकसंख्या १९७१ च्या खानेसुमारीची आहे, आणि जिल्ह्याचे नावही उस्मानाबादच. ते बदलले २०२३ साली. तेव्हा शोधताना दोन्ही नावे घालून पाहावीत. मराठी विकिपीडियाचे (२००३) याच्या उलट. तिथली माहिती ताजी, पण एक लेख भरजरी तर दुसरा दोन ओळींचा. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश शिकागो विद्यापीठाच्या स्थळावर आहे. एक शब्द पाहायला जावे आणि तासभर भलत्याच शब्दांत रमावे, असे त्याचे व्यसन लागते!

खरी मौज मात्र इंटरनेट आर्काइव्हवर. तिथे शॉफने १९१२ साली इंग्रजीत आणलेला 'पेरिप्लस' मिळाला. पहिल्या शतकातला कोणी ग्रीक व्यापारी सांगतो की, भडोचहून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर. तिथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांतून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जाते. हे तगर कुठले? कोणी जुन्नर म्हणत, कोणी देवगिरी. फ्लीटने १९०१ साली ते म्हणजे आपले तेर असे दाखवून दिले. या ग्रंथसंग्रहाला दोष एकच, पण मोठा: मराठी पुस्तकांची नावे पुष्कळदा रोमन लिपीत, तीही लिहिणाऱ्याच्या लहरीप्रमाणे. 'ज्ञानेश्वरी' शोधायची तर तिची चार-पाच स्पेलिंगे मनात जुळवून बसावे लागते.

आणखी एक उणीव मनाला लागली. मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटियरे आता घरबसल्या उघडतात. पुणे, सातारा, शेजारचे सोलापूर, सारे त्यांत सविस्तर आहे. आमचा जिल्हा नाही. कारण १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या मुलखात. बार्शीच्या मुलाला आपल्या तालुक्याची शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची हकीकत त्या मालिकेत सापडते, आणि पलीकडच्या कळंबच्या मुलाला सापडत नाही. जुनी सरहद्द जमिनीवरून पुसली, पण या नव्या पुस्तकालयात ती अजून शाबूत आहे. आपल्याकडच्या जुन्या दप्तरांची आणि पुस्तकांची चित्रे काढून कोणी तिथे ठेवल्याखेरीज ती हलायची नाही.

शेवटी नातीने मला नेपल्सला नेले. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईत १९३८ साली एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याच घडणीची मूर्ती तेरला मिळाली, आणि ती तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. नातीने पाँपेईची मूर्ती बोटांनी मोठी करून तिची वेणी, कंकणे, पायांतले वाळे, दोन बाजूंच्या दोन लहान दासी, सगळे पाहून घेतले आणि विचारले, "आजोबा, इटलीतली दिसली. आपली कधी बघायची?"

मी तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला अनेकदा गेलो आहे. संग्रहालयाची पायरी एकदाही चढलो नाही. भाऊबीज आटोपली की सकाळची एस.टी. धरायची, असे ठरले आहे.