जमिनीवरचे पुष्पक

विमानाविषयी आपण मराठीत जे लिहितो, त्यात विमान बहुधा आकाशातच असते. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) चित्रपटाच्या अखेरीस गरुडरूपी विमान तुकोबांना घेऊन जाते. ते धावले कुठे, वारा कोणत्या दिशेचा होता, हे प्रश्न भाविक प्रेक्षकाला पडत नाहीत आणि पडूही नयेत. पण शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवल्याची जी कथा सांगतात, तिच्याविषयी वाद घालणारेही याच वाटेने जातात. तिला भक्कम समकालीन पुरावा नाही. तिच्याबरोबर ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चा हवाला दिला जातो, त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत, असा निर्वाळा बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी १९७४ सालीच दिला आहे. तरी वाद चालतो तो किती फूट वर गेले एवढ्याचाच. वाळूवर ते सरळ धावले कसे, हे कोणी विचारल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

हा आक्षेप यंत्रशास्त्राचा वाटेल. मला तो वाङ्मयाचा वाटतो, आणि त्याचे कारण सांगायचे तर थोडे स्वतःविषयी सांगावे लागेल.

मी गंगापूरचा. औरंगाबाद जिल्ह्यातल्या (आता तो छत्रपती संभाजीनगर झाला) काळ्या मातीत वाढलेला. १९६८ साली, घरच्यांच्या मनाविरुद्ध, दूरच्या एका फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकलो. विमान होते ‘पुष्पक’. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली ते घडले आणि १९५८ साली प्रथम उडाले. शेजारीशेजारी दोन आसने, डोक्यावर पंख, अंगावर कापड, नव्वद अश्वशक्तीचे इंजिन. पुढे दोन चाके आणि शेपटाखाली एक इवलेसे चाक. रामायणातले पुष्पक मनाच्या इच्छेने चालते. हे पायांनी चालवायचे होते, आणि माझे पाय काही महिने माझे ऐकत नव्हते.

शेपूटचाकाचे विमान जमिनीवर उभे असते ते नाक वर करून. समोरचे काही दिसत नाही. म्हणून नागमोडी चालवत, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने डोकावत पुढे जायचे. हे सोपे आहे. अवघड ते निराळेच. दोन मोठी चाके पुढे आणि विमानाचा भारमध्य त्यांच्या मागे. त्यामुळे शेपूट जरा बाजूला सरकले, की मागचा भार त्याला आणखी बाजूला लोटतो. जितके वळते तितके अधिक वळू पाहते. त्यात इंजिनाचा जोर वाढवला की नाक डावीकडे ओढ घेते. बाजूचा वारा असेल तर तो उभ्या शेपटावर आदळतो आणि नाक वाऱ्याकडे फिरवू पाहतो. उपाय एकच : सुकाणूच्या पायपट्ट्यांवर पाय सतत जिवंत ठेवायचे, चूक दिसायच्या आत, थोडेसे दाबून, लगेच सोडायचे. हातातला दांडाही स्वस्थ ठेवायचा नाही. समोरून वारा असेल तर तो मागे ओढून धरायचा; मागून असेल तर पुढे लोटायचा, नाहीतर वारा शेपटाखाली शिरून विमान नाकावर उभे करील.

हे सगळे मला पाठ होते. परीक्षेत मी ते उत्तम लिहिले असते. एकट्याने केलेल्या तिसऱ्या उड्डाणानंतर मी सुरेख उतरलो, शेपूट खाली टेकले, वेग ओसरला आणि मी पाय सैल सोडले. वारा डावीकडचा होता. नाक डावीकडे गेले. मी उजवा पाय दाबला तो उशिरा आणि प्रमाणाबाहेर. मग भांबावून पुन्हा डावा. विमान स्वतःभोवती गर्रकन फिरले आणि उजव्या पंखाचे टोक मातीत घासत गेले. कापड फाटले, मला खरचटलेसुद्धा नाही. शिक्षक धावत आले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “विमान थांबलं, असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

त्या आठवड्यात उड्डाण बंद होते. तेव्हा मी दोन पुस्तके पुन्हा वाचली, आणि हा लेख खरे म्हणजे त्या दोन पुस्तकांविषयी आहे.

पहिले सेंतेक्झ्युपेरीचे, १९३९ सालचे. इंग्रजीत ते ‘विंड, सँड अँड स्टार्स’ या नावाने आले. कॉलेजात असताना त्याने मला झपाटले होते. मी विमानाकडे वळलो तो त्याच्यामुळेच. विमान हे नांगरासारखे एक अवजार आहे, असे तो मानतो. शेतकऱ्याच्या मुलाला हे वाचून किती बरे वाटले असेल! पण फाटक्या पंखाच्या त्या आठवड्यात मला त्याची ती तुलना पोकळ लागली. नांगराविषयी तो बोलतो ते वरून, ढगांतून खाली बघत. नांगर धरणाऱ्याला रुमण्यावर हात किती दाबायचा, तास वाकडे जायला लागले की मनगट कधी फिरवायचे, याची चिंता असते. सेंतेक्झ्युपेरीला नांगराच्या अर्थाची. वाळवंट, तारे, सोबती, मृत्यू यांवर त्याचे गद्य थोर आहे, यात मला आजही शंका नाही. अवजाराची स्तुती करणारा मात्र अवजाराजवळ थांबत नाही.

दुसरे पुस्तक वोल्फगांग लांगेविशे या मूळच्या जर्मन, अमेरिकेत गेलेल्या वैमानिकाचे ‘स्टिक अँड रडर’ (१९४४). क्लबात त्याची एक तेलकट प्रत फिरत असे. कोणी त्याला साहित्य म्हणत नाही, मी म्हणतो. या माणसाची पद्धत अशी, की तो आधी नावांशी भांडतो. ज्याला ‘एलिव्हेटर’ म्हणतात ते विमानाला वर नेत नाही, मग ते नाव का? तो त्याला दुसरे, मुद्दाम ओबडधोबड नाव देतो आणि पुस्तकभर तेच वापरतो. सुकाणू होडीला वळवते तसे विमानाला हवेत वळवत नाही, हे तो इतक्या बाजूंनी सांगतो की वाचक कंटाळतो. त्याच्यावर पाल्हाळाचा आरोप होऊ शकतो आणि तो खराही आहे. पण हे पाल्हाळ शिकवणाऱ्याचे आहे. एकदा सांगितलेले डोक्याला समजते. पायापर्यंत पोहोचायला तेच चार वेळा, चार वाटांनी सांगावे लागते. आपले टीकाकार पुनरुक्तीला सरसकट दोष मानतात, त्यांनी हे पुस्तक वाचावे.

उतरल्यानंतरच्या धावेविषयी त्याने वेगळे लिहिले आहे. माझे विमान का फिरले, याचे कारण मला तिथे मिळाले : भारमध्य चाकांच्या मागे. भीती निम्मी गेली, कारण विमानात दुष्टपणा नव्हता, रचना होती. तरीही माझी एक तक्रार उरते. लांगेविशेला ही रचनाच आवडत नाही. तिसरे चाक नाकाखाली आणा की प्रश्न मिटला, असा त्याचा कल आहे, आणि काळाने त्याला कौल दिला. सेस्ना १७० हे शेपूटचाकाचे; त्याच्या पुढच्या १७२ ला नाकाखाली चाक आले आणि आज आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी अशाच विमानांवर शिकतात. त्यांचे पंख कमी घासतात, हे चांगलेच झाले. पण जो लेखक मनातून विषयाला निरोप देऊन बसला आहे, तो त्या विषयाशी फार वेळ बसत नाही. हवेतल्या वळणाला त्याने जो जिव्हाळा दिला, तो जमिनीवरच्या धावेला दिला नाही. कारण सांगितले, पायांना काय जाणवते ते सांगितले नाही.

ते मला घरी कळले. गंगापूरला गेलो तेव्हा दादांना घडले ते सांगितले. लागले का, हे त्यांनी विचारले नाही. मी समोर धडधाकट उभा होतो. त्यांचा पहिला प्रश्न : “वारं कुठून व्हतं?” खळ्यावर उपणणीला उभा राहणारा माणूस दुसरे काय विचारणार? डावीकडून, मी म्हणालो. पुढच्या दोन चाकांचे आणि मागच्या भाराचे सांगू लागलो, तर ते मध्येच उठले. बैल सोडलेली गाडी अंगणात होती. ती छपरात घालायची होती. त्यांनी जू धरून गाडी मागे रेटायला लावली, आणि चार पावलांत ती आडवी झाली. बैल पुढून ओढतात तेव्हा गाडी मुकाट मागे येते. तीच दांडीच्या टोकाला धरून मागे लोटली, की चाके पुढे आणि आपण मागे, आणि गाडी फिरायला बघते. दादांनी जू माझ्या हातातून घेतले. अर्धे पाऊल इकडे, अर्धे तिकडे, गाडी वाकडी व्हायच्या आधीच. गाडीकडे ते बघतसुद्धा नव्हते. बोलत होते पावसाविषयी.

त्या अर्ध्या पावलाचे गद्य मला दोन्ही पुस्तकांत सापडले नाही. आपल्या समीक्षेत ‘अनुभूती’ हा शब्द फार चालतो, पण अनुभूती म्हणजे भावना असे आपण धरून चालतो. टाचेला, मनगटाला जे आधी कळते आणि मनाला मागून, त्याची गणती आपण कारागिरीत करतो आणि ललितगद्याच्या दाराबाहेर ठेवतो. मग विमान आले की आपण एकदम आकाशात जातो. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला विमान उतरवले. त्यावर लिहिणारे त्या धाडसाचे वर्णन करतात. जुहूवर चाके टेकल्यानंतरच्या धावेत त्यांच्या पायांनी काय केले असेल, हे लिहावेसे कोणाला वाटत नाही.

लांगेविशेचे ते धावेवरचे विवेचन मराठीत आणायला मी पुढे घेतले होते. अडलो ते पहिल्याच शब्दाशी. ‘ग्राउंड लूप’ला काय म्हणावे? ‘भूवलन’ लिहिले, खोडले. ‘भूगिरकी’ लिहिले, तेही खोडले. शेवटी दादा ज्या शब्दांत बोलले होते तेच ठेवले : गाडी फिरली. मग वाक्ये सुटी झाली. दोन पाने झाली आहेत. गाडी जिथे फिरायच्या आत सावरायची, तिथे येऊन थांबलो आहे.